चाक हलके हवे की भरवशाचे?

शालेय क्रीडास्पर्धांचे दिवस जवळ आले की सायकल चालविणारी मुले-मुली एक प्रश्न हमखास विचारतात. "शर्यतीसाठी हलकी चाके घ्यावीत का?" जाहिरातीत चकचकीत, मोजक्याच स्पोकची चाके दिसतात. दूरदर्शन संचावर परदेशी शर्यती पाहताना तशीच चाके डोळ्यांत भरतात. मग आपल्या सायकलची 36 स्पोकची चाके जुनाट वाटू लागतात आणि घरी हट्ट सुरू होतो.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. ज्याच्याकडे एकच सायकल आहे आणि तिच्यावरच शाळा, सराव व शर्यत ही तिन्ही कामे करावयाची आहेत, त्याने हलक्या चाकांच्या मागे लागू नये. मजबूत व गावातल्या दुकानात दुरुस्त होणारी चाके घ्यावीत आणि शर्यतीतही तीच वापरावीत. पण मी म्हणतो म्हणून तुम्ही हे मान्य करू नका. आपण हिशेब करून पाहू या.

प्रथम हलकेपणाचा फायदा किती ते पाहू. चाकाची रिम सायकलबरोबर पुढेही जाते आणि स्वतःभोवती फिरतेही. पुढे जाण्याची गतिज ऊर्जा ½mv² असते. रिमचे जवळजवळ सर्व वस्तुमान परिघावर असल्यामुळे फिरण्याची ऊर्जाही तेवढीच, म्हणजे ½mv² भरते. म्हणून वेग वाढविताना रिमवरचा एक ग्रॅम हा सांगाड्यावरच्या दोन ग्रॅमइतका जड पडतो. "चाकातले वजन दुप्पट मोजावे" असे खेळाडू म्हणतात ते यामुळेच, आणि ते खरे आहे. परंतु दुप्पट म्हणजे नेमके किती?

समजा, मुलाचे वजन 50 किलो व सायकलचे 14 किलो, मिळून 64 किलो आहे. हलक्या रिम व टायर घेऊन दोन्ही चाकांत मिळून 400 ग्रॅम वाचविले. वेग वाढविताना हे 800 ग्रॅमसारखे वागतील. 64 किलोंत 800 ग्रॅम म्हणजे सव्वा टक्का! तोही फक्त वेग वाढत असताना. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना हा फायदा जवळजवळ नाहीसा होतो. चढावर दुप्पट मोजण्याचे कारण उरत नाही. तेथे 400 ग्रॅम हे 400 ग्रॅमच, म्हणजे सुमारे 0.6 टक्के. सागरेश्वरच्या डोंगराकडचा एखादा चढ चढावयास तुम्हांला दहा मिनिटे लागत असतील, तर या हलक्या चाकांनी चार सेकंदांहून कमी वेळ वाचेल.

आता दुसरीकडे पाहा. टायर जमिनीवर दबतो आणि पुन्हा फुगतो; त्यात थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. यालाच लोटन-घर्षण म्हणतात. समजा, योग्य हवा भरलेल्या टायरचा लोटन-घर्षण गुणांक 0.006 आहे आणि हवा कमी झालेल्या टायरचा 0.010. 64 किलोंचा भार म्हणजे सुमारे 627 न्यूटन. दोन्हींतील विरोधाचा फरक सुमारे 2.5 न्यूटन येतो. शंभर मीटरला पाच मीटर अशा चढावर 400 ग्रॅम कमी केल्याने वाचणारे बल मात्र केवळ 0.2 न्यूटन आहे. म्हणजे पंपाचे काही दट्टे महागड्या चाकांपेक्षा बारा पटींनी अधिक काम करतात, आणि तेही सपाटीवर व चढावर सारखेच. हँडलवर थोडे वाकून बसल्याने हवेचा विरोध कमी होतो, त्याचा लाभ तर याहूनही मोठा असू शकतो. या दोन्ही गोष्टींना पैसे पडत नाहीत.

हलकेपणाचे झाले. आता टिकाऊपणाकडे वळू. त्यासाठी चाक भार कसे पेलते हे समजले पाहिजे.

लाकडी बैलगाडीचे चाक तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. त्याचा तुंबा खालच्या आऱ्यावर टेकलेला असतो. आरा खांबासारखा दाबला जातो. लोखंडी धाव तापवून चाकावर चढवितात आणि पाणी ओतून थंड करतात. ती आकसते व सारे चाक आवळून धरते. म्हणजे तेथे धाव ताणलेली व आरे दाबलेले असतात. सायकलचे चाक बरोबर याच्या उलट आहे. दोन मिलिमीटर जाडीची तार खांबासारखी उभी राहूच शकत नाही, ती लगेच वाकेल. म्हणून सायकलमध्ये सर्व स्पोक ताणून बसवितात. स्पोक ताणलेले आणि रिम दाबलेली असते. अशा ताणलेल्या तारांच्या चाकाचे एकस्व फ्रान्समध्ये यूजीन मेयर यांनी 1869 मध्ये घेतले. पुढे इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली यांनी 1874 च्या सुमारास स्पोक तिरपे, एकमेकांना ओलांडून जातील असे बसविले. पॅडलचा जोर हबकडून रिमकडे पोहोचविण्यास हा तिरपेपणाच उपयोगी पडतो. तुमच्या सायकलच्या मागच्या चाकाचा एक स्पोक निवडा व तो किती स्पोकना ओलांडतो ते मोजा. 36 स्पोकच्या चाकात बहुधा तीन हे उत्तर येईल.

मग तुम्ही सायकलवर बसलात की भार कोण पेलते? पुष्कळांना वाटते, हब वरच्या स्पोकना लोंबकळत असेल. तसे नाही. खाली जमिनीजवळ असलेल्या तीन-चार स्पोकचा ताण कमी होतो; वरच्यांचा फारसा बदलत नाही. जॉब्स्ट ब्रँट या अभियंत्याने 1981 साली सायकलच्या चाकावरील आपल्या पुस्तकात हे गणिताने दाखविले. तुम्ही ते कानाने पडताळून पाहू शकता. सायकल भिंतीला टेकवून उभी करा व मागच्या चाकाचा सर्वांत खालचा स्पोक रिमजवळ बोटाने छेडा. तारेचा सूर लक्षात ठेवा. आता मित्राला सायकलवर बसवा आणि तोच स्पोक पुन्हा छेडा. सूर खाली उतरलेला ऐकू येईल. वरचा स्पोक छेडला तर सूर जवळजवळ तोच राहील.

येथेच मजबूत चाकाचे रहस्य आहे. चांगल्या बांधलेल्या चाकात एका स्पोकवर साधारणपणे 80 ते 100 किलो वजनाइतका ताण असतो. खालच्या चार स्पोकचा मिळून तो 320 किलोंच्या वर गेला. खड्ड्यात आदळताना चाकावरचा भार क्षणभर कित्येक पटींनी वाढतो. तरीही एवढ्या शिल्लकीतून तो वजा होतो आणि स्पोक ताठ राहतात. पण स्पोक सैल असतील, समजा 20-20 किलोंचेच, तर शिल्लक केवळ 80 किलोंची. पहिल्याच खड्ड्यात ती संपते, स्पोक ढिले पडतात आणि रिमला आधार उरत नाही. स्पोकची संख्या 36 वरून 20 वर आणली, तर खाली एका वेळी भार वाटून घेणारे स्पोकही कमी होतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला अधिक येते.

आणखी एक गोष्ट. स्पोक एका धक्क्याने क्वचितच तुटतो. चाकाच्या प्रत्येक फेरीत त्याचा ताण एकदा कमी होतो व पुन्हा वाढतो. शाळा सहा किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन रोज 12 आणि वर्षाच्या 200 दिवसांत 2,400 किलोमीटर होतात. चाकाचा परीघ सुमारे 2.2 मीटर धरला, तर वर्षाला जवळजवळ 11 लाख फेऱ्या! तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसा हबजवळच्या वळणावर धातू थकत जातो. सैल स्पोक अधिक हलतो म्हणून तो लवकर थकतो. मग एक दिवस तो 'अचानक' तुटतो आणि आपण त्या दिवशीच्या खड्ड्याला दोष देतो. 36 पैकी एक स्पोक तुटला तर चाक थोडे डगमगते, पण सावकाश घरी पोहोचता येते. थोड्या स्पोकच्या चाकात एक तुटला तर रिम ब्रेकला वा सांगाड्याला घासू लागते. शर्यत तर तेथेच संपते. वाचविलेले चार सेकंद कोणाच्या उपयोगी पडले?

कडेगाव परिसरात हा विचार अधिकच लागू पडतो. गुहागर-विजापूर रस्त्यावर सायकल चालविणे एक आणि वाड्यावस्त्यांवरून शाळेत येणे दुसरे. गळिताच्या हंगामात ऊस भरलेल्या ट्रॉल्यांना वाट देण्यासाठी सायकल डांबराच्या कडेवरून खाली उतरवावी लागते. त्या वेळी रिम वाकली किंवा ब्रेक लागला नाही, तर प्रश्न सेकंदांचा राहत नाही, हातापायांचा होतो. आणि ऊसबिलाची वाट पाहणाऱ्या घरात चाकांवर खर्च होणारा पैसा कोठून तरी वजा झालेला असतो, हेही विसरू नये.

मग चाक निवडताना काय पाहावे? स्पोक 36 असावेत, गंजरोधक पोलादाचे असावेत. रिम ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची व दुहेरी भिंतीची असावी. मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर पावसात रबरी ब्रेक फार कमी धरतात. ॲल्युमिनियमवर ते बरेच चांगले धरतात. शिवाय पोलादाची घनता 7.8 व ॲल्युमिनियमची 2.7, त्यामुळे थोडा हलकेपणाही आपोआप पदरात पडतो. टायर 32 ते 35 मिलिमीटर रुंद घ्यावा. फार अरुंद टायर खड्ड्याच्या कडेवर दबला की ट्यूब रिमखाली चिमटते व तिला शेजारीशेजारी दोन छिद्रे पडतात. हब उघडून छर्रे बदलता येतील व ग्रीस भरता येईल असा असावा. टायर घेण्यापूर्वी त्याच्या बाजूवर छापलेले आकडे वाचा. 40-635 व 32-622 या दोन्ही मापांना '28 इंची' म्हणतात, पण त्यांच्या रिम वेगळ्या. एकीचा टायर दुसरीवर बसत नाही.

माझ्या मताविरुद्ध एक आक्षेप येईल: मोठे खेळाडू मग हलकी चाके का वापरतात? त्याचे उत्तर सरळ आहे. ज्यांच्या मागे सुट्या चाकांची गाडी धावते, ज्यांनी सरावाने मिळण्याजोगे सर्व काही मिळविले आहे, त्यांच्यासाठी उरलेला एक टक्काही मोलाचा असतो. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात 'घाटाचा राजा' होण्यासाठी झुंजणाऱ्याने हलक्या चाकांचा विचार केला, तर मी त्याला नावे ठेवणार नाही. पण रस्ता खराब असला की तेही शहाणपणाने वागतात. 1896 पासून चालत आलेल्या पॅरिस-रूबे शर्यतीत दगडी फरसबंदीचे लांबच लांब पट्टे आहेत. तेथे जगातील उत्तम खेळाडू एरवीपेक्षा रुंद टायर व कमी दाब निवडतात. चाक रस्त्याकडे पाहून निवडावयाचे असते.

चाक विकत घेतले म्हणजे काम संपले असेही नाही. ते राखावे लागते, आणि हे शिकणे अवघड नाही. एका बाजूचे सर्व स्पोक एकामागून एक छेडा. तारेची कंप्रता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. एखाद्याचा सूर इतरांपेक्षा एक सप्तक खाली असेल, तर त्याचा ताण केवळ पाव हिश्श्यावर आला आहे. मागच्या चाकात मात्र उजव्या बाजूची तुलना उजव्याशीच करा, कारण फ्रीव्हीलमुळे दोन्ही बाजूंचे ताण वेगळे असू शकतात. मग गावातल्या सायकल दुकानात जाऊन कारागीर आउट कसा काढतो ते बघा. तो निपल पाव-पाव फेरा फिरवतो, एकदम आवळत नाही. त्याच्या हातात जे ज्ञान आहे, ते पुस्तकातल्या ज्ञानाहून कमी दर्जाचे नाही.

आपल्या भागाला तर याची परंपरा आहे. डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे एकस्व घेतले ते 1888 साली. त्याच वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. त्यातूनच पुढे नांगराचा कारखाना उभा राहिला आणि 1910 मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. सायकल उघडून पाहणारा माणूस कोठपर्यंत जाऊ शकतो, हे सांगावयास दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही.

म्हणून शिक्षकांना एक विनंती आहे. ध्वनी शिकविताना सोनोमीटर कपाटात असला तरी असू द्या. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या सायकलींना प्रत्येकी 36 तारांची दोन वाद्ये आहेत. स्पर्धेपूर्वी एक तास द्या. हवा, ब्रेक व स्पोक मुलांकडूनच तपासून घ्या आणि एक निपलचा पाना शाळेत ठेवा. आणि मुलांनो, शर्यतीच्या रेषेवर शेजारी कोणाची चाके चकाकत असतील, तर बिचकू नका. आपली चाके तुम्ही स्वतः तपासली आहेत. आता पाय चालवा.