कुंचला न धरताही

पडद्यावर वाघ झेप घेतो, पूल कोसळतो, आणि यातले पुष्कळसे संगणकावर घडवलेले असते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. या व्हिज्युअल इफेक्ट्सचे स्टुडिओ आपल्या अंधेरी, गोरेगाव, मालाड भागांत आहेत. पण तिथे काम करायचे तर हात चित्रकाराचाच हवा, अशी समजूत विद्यार्थ्यांची आणि (गुरुजनांनी क्षमा करावी) शिक्षकांचीही असते. मला ती चुकीची वाटते.

थोडे गणित करू. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे लागतात. म्हणजे पाच सेकंदांच्या दृश्याला १२०. समजा, छायाप्रकाशाचा सारा हिशेब करून एक चित्र पुरे करायला, म्हणजे रेंडरिंगला, ४ तास लागतात. मग एकट्या संगणकाला ४८० तास, अर्थात २० दिवस हवेत. १२० संगणक एकदम जुंपले, तर तेच काम ४ तासांत उरकते. पण कोणते दृश्य आधी लावायचे? रात्री दोन वाजता एखादे यंत्र अडले, तर त्याचे काम कोणाकडे सोपवायचे? इतक्या यंत्रांची उष्णता बाहेर कशी काढायची? ही कामे पाहणाऱ्यांना चित्र काढता आले नाही तरी काही अडत नाही. 'इंटरस्टेलर' (२०१४) मधले कृष्णविवर तर भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांच्या समीकरणांवरून प्रोग्रॅम लिहून साकारले. त्यातल्या काही चित्रांना १०० तासांपर्यंत वेळ लागला!

हे आजचेच आहे असे नाही. १९१२-१३ साली दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' घडवीत होते, तेव्हा कच्च्या फिल्मच्या कडांना भोके पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे ही कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. त्यांच्यावाचून दादासाहेबांच्या चमत्कृती डब्यातच राहिल्या असत्या.

मात्र घरी एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. इथली नोकरी पुष्कळदा कराराची असते, आणि मुदत जवळ आली की रात्री जागाव्या लागतात. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ घडवणारी 'रिदम अँड ह्यूज' ही अमेरिकन कंपनी (तिची एक शाखा मुंबईत होती) फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि त्याच महिन्यात त्या चित्रपटाला व्हिज्युअल इफेक्ट्सचे ऑस्कर मिळाले. तेव्हा एखाद्या सॉफ्टवेअरची नुसती बटणे शिकवणाऱ्या महागड्या वर्गाला पैसे भरण्याआधी गणित आणि भौतिकशास्त्र पक्के करा, प्रोग्रॅम लिहायला शिका. स्टुडिओ बंद पडला, तरी बँकेत, इस्पितळात, रेल्वेत त्याला मागणी आहेच.