डंपरची बॅटरी ठेवायची कुठे?

वणीकडच्या मंडळींना पुढच्या दोन परिच्छेदांत नवीन काहीच सापडणार नाही, त्यांनी ते खुशाल गाळावेत. पुण्या-मुंबईकरांसाठी मात्र थोडं सांगावं लागेल. यवतमाळ म्हटलं की बाहेरच्या माणसाला कापूस आठवतो आणि दुर्दैवाने शेतकऱ्यांच्या आत्महत्या. पण जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, वर्धा नदीच्या अलीकडे वणी तालुका आहे आणि तिथे जमिनीखाली कोळसा आहे. उकणी, निलजई, मुंगोली ही तिथली गावं, आणि हीच तिथल्या उघड्या खाणींची नावं. खाणी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या. आमच्याकडे त्याला कोणी वेस्टर्न कोलफिल्ड्स म्हणत नाही, 'वेकोलि' म्हणतात. १९७५ साली कोल इंडिया झाली तेव्हापासूनची ही कंपनी, मुख्यालय नागपूरला.

उघडी खाण म्हणजे एक प्रचंड खड्डा. वरची माती-दगड काढायची, तिचे डोंगर रचायचे, मग खालचा कोळसा काढायचा. वणीहून घुग्घुसकडे जाताना सपाट मुलखात अचानक जे डोंगर दिसतात ते हे. ही सगळी माती खालून वर आणतात डंपर. खात्याचे मोठे पिवळे डंपर आणि कंत्राटदारांचे टिपर, दोन्ही असतात. अलीकडे टिपरच जास्त दिसतात. मोठ्या डंपरच्या टायरशेजारी उभा राहिलं की आपण त्याच्या रिमपर्यंत कसेबसे पोचतो. लहानपणी आम्हाला त्याचं फार अप्रूप होतं.

आता मुद्द्याचं. गाडीत कुठला भाग कुठे बसवायचा ते ठरवणं हे माझं पोटापाण्याचं काम. आमच्या भाषेत लेआउट. (घरी सांगताना मी 'स्वयंपाकघरातल्या ओट्याची आखणी' असं सांगतो, ते सगळ्यांना कळतं. मिक्सर कुठे, सिंक कुठे, गॅसशेजारी पडदा नको.) हल्ली या धंद्यात जो तो हायब्रिड डंपरबद्दल बोलतोय. डिझेल इंजिन राहणार, पण जोडीला बॅटरी आणि मोटर. उतारावर ब्रेक लावताना फुकट जाणारी शक्ती साठवायची आणि चढावर वापरायची. कल्पना नवीन अजिबात नाही. १९२९-३० च्या सुमारास बोर घाट आणि थळ घाटात विजेचे मार्ग आले, तेव्हापासून घाट उतरणारं इंजिन वीज परत तारेत सोडू शकतं, हे रेल्वेवाल्यांना माहीत आहे. मोठ्या डंपरमध्ये तर निम्मं काम आधीच झालेलं असतं. दीडशे टनांच्या पुढचे बरेच डंपर डिझेल-इलेक्ट्रिक असतात: इंजिन जनरेटर फिरवतं आणि चाकं मोटरवर चालतात. आपल्याकडे बीईएमएलने म्हैसूरच्या कारखान्यात असे डंपर केले आहेत. पण उतरताना त्या मोटरींनी तयार केलेली वीज जाते कुठे? लोखंडी जाळ्यांच्या एका पेटीत, जिला पंखा लावलेला असतो. म्हणजे एक अवाढव्य हीटर, भर मे महिन्यात, विदर्भात! आपल्याकडच्या साठ आणि शंभर टनी डंपरमध्ये मोटरी नसतात, गिअरबॉक्स असतो. तिथे तीच शक्ती ब्रेकचं तेल तापवण्यात जाते. फरक एवढाच.

त्यामुळे बॅटरी लावा म्हणणाऱ्यांचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. माझा वाद पुढच्या दोन प्रश्नांवर आहे. किती मोठी? आणि ठेवायची कुठे?

आधी किती, कारण त्याशिवाय कुठे ठरत नाही. या विषयावरच्या प्रत्येक सादरीकरणात स्वित्झर्लंडचा एक डंपर हटकून येतो. बील शहराजवळ पेरी नावाच्या गावी सिमेंटसाठी दगडाची खाण आहे. तिथे कोमात्सूचा एक डंपर डिझेल काढून पूर्ण विजेवर केला, साडेचार टनांची बॅटरी बसवली. हा डंपर उतरताना एवढी वीज परत मिळवतो की वर चढायला ती जवळजवळ पुरते. सभागृहात टाळ्या. पण तिथली खाण डोंगरावर आहे आणि कारखाना खाली! डंपर भरलेला उतरतो, ६५ टन माल घेऊन, आणि रिकामा चढतो. वणीला बरोबर उलटं आहे. आपल्याकडे खड्डा आहे. रिकामा उतरायचा आणि भरून चढायचा.

हिशोब कागदावर मांडून बघू, कठीण नाही. शंभर टनी डंपर म्हणजे प्रत्यक्षात ९१ टन माल (ते शंभर अमेरिकी टन), आणि रिकामी गाडी साधारण ७० टन. खड्डा १०० मीटर खोल धरू, रस्त्याचा चढ १६ ला १, म्हणजे एका बाजूचा रस्ता १६०० मीटर. रिकामा डंपर खाली उतरतो तेव्हा उंचीमुळे सुमारे १९ युनिट ऊर्जा मिळायला हवी (घरच्या मीटरवर मोजतो तेच युनिट). पण रस्ताही त्याचा वाटा घेतो. रस्ता उत्तम, कडक, पाणी मारून दाबलेला असेल तर वजनाच्या अडीच टक्के ओढ धरावी. त्यात साडेसात युनिट गेले, उरले साडेअकरा. मोटर, बॅटरी, पुन्हा मोटर या फेऱ्यातून त्यातले आठ युनिट चाकाशी परत येतील. भरलेल्या डंपरला वर यायला चाकाशी लागतात ६१ युनिट. म्हणजे बचत आठव्या हिश्श्याची. वाईट नाही, पण पेरीचा चमत्कार नव्हे.

हे झालं मार्चमधलं. आता जुलै. वणीची काळी माती पावसात काय होते हे मी वणीकरांना काय सांगावं! चपलेला दोन किलो माती लागते. खाणीतले रस्ते मुरमाचे असले तरी वरून गाळ येतोच, टायर रुततो. ओढ पाच टक्क्यांवर गेली की उतरतानाच्या १९ युनिटांतले पंधरा रस्ताच खातो. बॅटरीतून परत येतात जेमतेम पावणेतीन. आणि वर जायला आता ७८ लागतात. बचत तिसाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणजे चांगली बॅटरी घेऊन आपण चिखल तुडवायचा.

हाच हिशोब उलटा वाचला तर दिसतं की नुसता रस्ता पाचवरून अडीच टक्क्यांवर आणला तरी चढाची गरज ७८ वरून ६१ वर येते. बॅटरीपेक्षा जास्त डिझेल ग्रेडर, पाण्याचा टँकर आणि नीट काढलेल्या नाल्या वाचवतात. ग्रेडरवर कोणी सादरीकरण करत नाही, त्याला कोण काय करणार.

मग हायब्रिड नकोच का? असं नाही. शॉवेलपाशी रांगेत उभ्या डंपरचं इंजिन नुसतं धडधडत असतं, कारण केबिनचा एसी बंद करणं म्हणजे चालकाला ४५-४६ अंशांत उकडून काढणं. ते इंजिन बंद ठेवून एसी बॅटरीवर चालवता आला तर मोठी गोष्ट आहे. डिझेलचं तर आहेच. २०२१ साली कोल इंडियाने म्हटलं होतं की त्यांना वर्षाला चार लाख किलोलिटरच्या वर डिझेल लागतं, खर्च साडेतीन हजार कोटींच्या पुढे. त्याच वर्षी गेल आणि बीईएमएलला बरोबर घेऊन ओडिशाकडच्या दोन शंभर टनी डंपरवर एलएनजीचा प्रयोग करायचं त्यांनी जाहीर केलं. तिथेही टाकी कुठे ठेवायची हाच प्रश्न आधी सोडवावा लागतो. सांगायचं एवढंच, की वणीच्या खाणीला साडेचार टनांची बॅटरी नको. साठ-सत्तर युनिटांची, म्हणजे एक टनाच्या आत बसणारी, पण झटक्यात भरणारी आणि झटक्यात देणारी पुरे. उतार तीन-सव्वातीन मिनिटांचा, तेवढ्यात दोनशे किलोवॅटच्या वर शक्ती तिला गिळता आली पाहिजे.

आता कुठे. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल एवढ्या मोठ्या गाडीत जागेला काय तोटा. डंपरला सहा टायर: पुढे दोन, मागे चार. भरलेल्या गाडीचं वजन सहाही टायरवर सारखं पडायला हवं, म्हणून एक तृतीयांश पुढे आणि दोन तृतीयांश मागे. हे बिघडलं की टायर लवकर जातात, आणि या टायरच्या किमती ऐकून माणूस खाली बसतो. म्हणून वाट्टेल तिथे एक टन टांगता येत नाही.

संगणकावर सगळ्यात सुंदर दिसते ती चासीच्या दोन तुळयांमधली जागा. वजन खाली, मधोमध, बाहेरून दिसतही नाही. आमच्याकडचे तरुण इंजिनिअर पहिल्या दिवशी बॅटरी तिथेच ठेवतात. पण तिथून शाफ्ट जातो, वरून तेल ठिबकतं, खालून टायर दगड मारतात, पावसाळ्यात खड्ड्याच्या तळाशी साचलेल्या पाण्यातून गाडी जाते. त्यातून वर डाला. (बऱ्याच डंपरमध्ये इंजिनाचा धूर डाल्याच्या पोकळ तळातून फिरवतात, माल चिकटू नये म्हणून.) म्हणजे वर भट्टी, खाली डबकं. आणि तिथे आग लागली तर विझवणार कसं? डंपरवर आपोआप आग ओळखणारी आणि विझवणारी यंत्रणा लावतात ती इंजिन आणि तेलाची आग डोळ्यासमोर ठेवून. लिथियमची बॅटरी पेटली की तिचा स्वभाव वेगळा. विझली वाटते आणि तासाभराने पुन्हा पेटते.

दुसरी जागा बाजूला, डिझेलच्या टाकीच्या समोरच्या अंगाला. वजनाला ठीक, पण तिथे साधारणपणे हायड्रॉलिक तेलाची टाकी असते, आणि कडेवरून डंपर घासला की पहिला मार तिथेच.

माझं मत उजव्या डेकच्या बाजूने आहे. चालकाची केबिन डावीकडे, इंजिनावरच्या फलाटावर असते. उजवा फलाट यांत्रिक डंपरमध्ये बराचसा मोकळा असतो. वजन थोडं वर जातं, पण दीडशे-पावणेदोनशे टनांत एका टनाने गाडी डोलणार नाही. चिखल, दगड, पाणी तिथे पोचत नाही. डाल्याचं छप्पर वरून सावली देतं. आणि सगळ्यात मोठा फायदा, चार बोल्ट काढून हायड्राने पेटी उचलून खाली ठेवता येते.

एक अट आहे आणि ती माझ्या लेखी बाकी सगळ्याच्या वर आहे. पेटी कठड्यापेक्षा उंच नको. डाव्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला उजवीकडचं खालचं आधीच दिसत नाही. डंपरच्या उजव्या कुशीत उभी राहिलेली जीप चिरडली जाते, तेव्हा चालकाला धक्काही धड कळत नाही. खाणीच्या गावात वाढलेल्यांना अशा बातम्या वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. कॅमेरे लावू म्हणतात. लावा की. पण काचेवर कोळशाची धूळ बसायला एक पाळी पुरते.

थंडाव्याचंही तसंच. बॅटरीला पस्तीस-चाळीस अंशांच्या खाली ठेवायचं, बाहेर ४५. म्हणजे तिला वेगळा रेडिएटर हवा, आणि तो इंजिनाच्या रेडिएटरच्या मागे ठेवला तर त्याला आधीच तापलेली हवा मिळणार. तो डेकवरच, हाताला येईल असा, रोज हवा मारून साफ करता येईल असा हवा. कागदावर त्याला गुण मिळत नाहीत.

माझा मामेभाऊ तिकडच्या एका खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहे. त्याला मी फोनवर हे सगळं मोठ्या उत्साहाने समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् बिघडली त कोन पाहीन?"

हा प्रश्न लेआउटचाच आहे. पेटी जर अशी बसवली की ती उघडायला परदेशी कंपनीचा माणूस, त्याचा लॅपटॉप आणि त्याचं कुलूप लागेल, तर डंपर आठवडाभर उभा राहील आणि वीस वर्षं आवाजावरून इंजिनाचा रोग ओळखणारा माणूस बाजूला उभा राहून बघत बसेल. हळूहळू त्याची जागाच संपेल. खात्यातले डंपर कमी होऊन कंत्राटाचे टिपर वाढताना त्याच्या पिढीने बघितलंच आहे, त्यामुळे त्याची भीती हवेतली नाही. उलट वीज तोडायचा खटका जमिनीवरून हाताला येईल असा, त्यावर फिटरचं स्वतःचं कुलूप लावायची सोय, नारिंगी केबल धुण्याच्या जेटपासून दूर, पेटीतला एकेक भाग सुटा निघणारा. एवढं केलं आणि वर्कशॉपमधल्या माणसांना दोन महिने शिकवलं तर ती बॅटरी त्यांचीच होईल. वायर आणि वीज त्यांना नवीन नाही. खाणीतले शॉवेल आणि ड्रिल विजेवर चालतात ते हीच माणसं सांभाळतात.

म्हणून कोणी वणीसाठी हायब्रिड डंपर आखणार असेल तर माझं मागणं असं, की पहिलं ड्रॉइंग वर्कशॉपच्या भिंतीवर लावा, तेही लोखंड कापायच्या आधी. फिटरला त्यावर लाल पेनाने लिहू द्या. आणि चाचणी ऑगस्टमध्ये घ्या. सगळ्या चाचण्या डिसेंबर-जानेवारीत होतात, हवा छान असते, पाहुण्यांना ताडोबाही दाखवता येतं.

मामेभावाने लेआउटची प्रिंट मागितली आहे. ए-थ्री पाठवणार होतो, त्याचं म्हणणं मोठी काढ, चष्मा लागलाय.