रॉकेट रेटतंय कशाला?

“वर हवाच न्हाई, तर रॉकेट रेटतंय कशाला, मर्दा?” इस्रोचं उड्डाण झालं की कोल्हापुरात रंकाळ्याच्या कट्ट्यावर आमच्या माजी सैनिक मित्राचा हा सवाल ठरलेला. त्याला अडाणी म्हणायची सोय नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं १३ जानेवारी १९२० च्या अंकात याच मुद्द्यावरून रॉकेट-संशोधक रॉबर्ट गोडार्ड यांची अक्कल काढली होती, आणि चूक कबूल केली ती १७ जुलै १९६९ ला, अपोलो-११ चंद्राच्या वाटेला लागल्यावर! न्यूटनचा तिसरा नियम काढला की मित्र तोंड फिरवतो, म्हणून मी बंदुकीवर येतो. नेमबाज तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळेंचा हा जिल्हा. इथं रायफल कुणाला समजावावी लागत नाही. गोळी नळीत पुढं सरकू लागते तेव्हाच दस्त्याचा दणका खांद्याला जाणवायला लागतो. बाहेरच्या हवेला ती अजून शिवलेलीही नसते. रॉकेट गोळीऐवजी तापलेला वायू सेकंदाला २-३ किलोमीटर वेगानं मागं फेकतं, एवढंच. यावर स्वारी खांदा चोळत गप्प, पण क्षणभरच. “मग वर जाळ पेटतोय कशानं?” हा प्रश्न मात्र अस्सल. शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर इस्रोच्या थुंबा केंद्रात ज्या घन इंधनासाठी वर्षानुवर्षं खपले, त्यात ऑक्सिजन पुरवणारं अमोनियम परक्लोरेट आधीच कालवलेलं असतं. पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा १०० किलोमीटरच्या वर जळतो तो त्याच्याच जोरावर. “म्हंजे शिदोरी बांधूनच निघतंय की!” तो खुलला. आणि लगेच, “पण चंद्रावर झेंडा हलला कसा, ते सांग.”