यंत्र धडधाकट, मुदत संपली

आमच्या अक्षरजुळणीच्या खोलीतल्या संगणकावर दसऱ्याला वाहिलेलं झेंडूचं फूल अजून तिथेच आहे, सुकलेलं. दिवाळी अंकाची पानं लागताहेत, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत ते यंत्र चालू असतं. २०१६ साली घेतलेलं. दोनदा कीबोर्ड बदलला, एकदा रॅम वाढवली, बाकी तक्रार नाही. आज, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. उद्या सकाळी बटण दाबलं की हे यंत्र रोजच्यासारखंच सुरू होईल. पडद्यावर काहीही बदललेलं दिसणार नाही, आणि काळजी वाटते ती त्याचीच.

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेचे अपडेट यायचे. एवढ्या अवाढव्य प्रणालीत चुका राहतातच. त्या सापडत जातात, बुजवल्या जातात. विंडोज ११मधला बराचसा भाग १०मधूनच आलेला आहे. त्यामुळे पुढे ११मधलं एखादं भोक बुजवलं गेलं, की त्या दुरुस्तीवरूनच १०मध्ये तेच भोक कुठे उघडं आहे याचा माग काढता येतो.

१२ मे २०१७ आठवून पाहा. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरचे संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. बळी पडलेली बहुतेक यंत्रं विंडोज ७ची होती. त्यावरचा उपाय मार्चमध्येच आला होता, लोकांनी तो टाकला नव्हता. जूनमध्ये तशाच दुसऱ्या हल्ल्याने आपल्या न्हावा शेव्यातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. तेव्हा निदान टाकायला उपाय होता. आजपासून विंडोज १०वाल्या सर्वसामान्य माणसाला तोही आपणहून मिळणार नाही. आणखी एक गोष्ट विसरता कामा नये: २०१४ साली सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने त्या मे महिन्यात तातडीने दुरुस्ती काढली होती. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

मग विंडोज ११ घ्या, असं सांगितलं जातं. आम्ही प्रयत्न केला. यंत्र पात्र नाही, असं उत्तर आलं. टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. ती चिप उगाच मागितलेली नाही, तिने संरक्षण वाढतं हे मान्य. पण त्यापायी चांगली चालती यंत्रं भंगारात जाणार, आणि त्यांचे बोर्ड कुठल्या तरी गाळ्यात उघड्या हातांनी फोडले जाणार, हा हिशेब कोणाच्या वहीत मांडायचा?

घरच्या संगणकांना एक वर्षाची वाढीव मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. त्यासाठी ३० डॉलर भरा, नाहीतर मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १,००० गुण द्या, नाहीतर कंपनीच्या खात्यात सेटिंग्जचा बॅकअप ठेवा. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिथे ही बॅकअपची अट काढली. आपल्याकडे कायम आहे. आमच्यासारख्या कचेऱ्यांचा दर वेगळा: यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, मग दर वर्षी दुप्पट. तीन वर्षांचे ४२७ डॉलर होतात. एवढ्यात साधा नवा संगणक येतो.

आमची मागणी साधी आहे. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, तशी सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत मिळतील ती तारीख संगणकाच्या खोक्यावर ठळक छापली पाहिजे. आणि युरोपातल्या ग्राहकाला दिलेली सवलत इथल्या ग्राहकालाही मिळाली पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने हे दोन्ही मुद्दे कंपनीपुढे ठामपणे मांडायला हवेत.

लिनक्स हा मार्ग खराच आहे. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं त्यावर चालतात. शाळा, वाचनालयं, घरचा पत्रव्यवहार यांनी तो जरूर धरावा. आमच्यासारख्यांची अडचण निराळी आहे. मराठी छपाईचं कितीतरी काम अजून पेजमेकरवर चालतं, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ची, आणि फॉन्टच्या जुन्या सॉफ्टवेअरवर, जे डोंगल लावल्याशिवाय उघडत नाही. लिनक्सवर हा सगळा संसार जसाच्या तसा हलवता येत नाही. वीस वर्षांचे अंक त्याच फॉन्टमध्ये अडकलेत. युनिकोडकडे वेळेत वळलो नाही, ही चूक आमचीच.

काल रात्री आमच्या ज्येष्ठ जुळणीकारांनी यंत्राची नेटची वायर काढून गुंडाळून ठेवली. "शेवटचे दोन फॉर्म राहिलेत, ते पेनड्राइव्हने नेऊ, पण आधी दुसऱ्या संगणकावर तपासून," ते म्हणाले. पाडवा झाला की जुने अंक युनिकोडमध्ये आणायला घ्यायचे, असं ठरलं आहे. २००५च्या अंकापासून.