फोल्डर दिसतो का, ते आधी विचारा

फोन असताना वेगळा प्लेअर कशाला, असे विचारणारे घरोघरी भेटतात. २००१ साली आलेला आयपॉड २०२२ साली बंद झाला, तेव्हा तर या मंडळींना आपलेच खरे ठरल्यासारखे वाटले. मला हे मुळीच पटत नाही. फोन हे मुळात माणसाला हाका मारण्याचे यंत्र. बडा ख्याल रंगात आला की नेमके तेव्हाच कुणीतरी कर्ज हवे का म्हणून विचारणार!

बरे, प्लेअर घ्यायचा ठरवला की विक्रेता २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ असे आकडे तोंडावर फेकतो. अहो, माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. चाळिशी उलटली की त्याहूनही कमी. तेवढ्याला सीडीचे ४४.१ पुरते. केरीच्या केसरबाईंची ७८ फेऱ्यांची ध्वनिमुद्रिका म्हणजे एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे, तीही खरखरीसकट. ती १९२च्या भांड्यात ओतून दूध दाट होणार आहे का?

खरे बघायचे ते फोल्डर. ही यंत्रे घडवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एक गायक, एक अल्बम असा हिशेब असतो. आमच्या नाट्यसंगीताचे काय करायचे? ‘मत्स्यगंधा’ (१९६४) घ्या. नाटक वसंत कानेटकरांचे, संगीत अभिषेकीबुवांचे, पदे गायली रामदास कामतांनी आणि आशालता वाबगावकरांनी. ‘आर्टिस्ट’च्या खणात यातले कोण बसवणार? गायकाप्रमाणे लावले तर एकच नाटक दोन ठिकाणी फुटते. नाटकाच्या नावाचा फोल्डर करावा, पदे क्रमाने ठेवावीत, झाले. जो प्लेअर फोल्डर दाखवत नाही, किंवा देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दाखवतो, तो फुकट मिळाला तरी घेऊ नये.

दुसरे, सलग वाजणे. एमपीथ्री करताना फाइलच्या टोकांना क्षणभराची शांतता चिकटते. सिनेमाच्या गाण्यात ती कळतही नाही. पण मैफलीचे विलंबित आणि द्रुत वेगवेगळ्या फाइलींत असले, की सांध्यावर ठेका तुटतो. खोक्यावर ‘गॅपलेस’ छापलेले असते, त्यावर विसंबू नका. आपले कार्ड घालून दुकानातच तो सांधा ऐका. पन्नास मिनिटांचा राग मध्येच बंद केला, तर पुन्हा तिथूनच सुरू होतो का, तेही बघा. (रंग कुठला, हे शेवटी विचारले तरी चालेल.)

कार्ड घालायची सोय तर हवीच. १२८ जीबीत सीडीच्या दर्जाचे फ्लॅक सुमारे चारशे तास मावते. आणि त्यात भरायचे काय? जत्रेतली नाटके, देवळातली भजने, कीर्तने यांच्या कॅसेट गोव्यात कितीतरी घरांत पडून आहेत. वर्गणी भरून ऐकायच्या अ‍ॅपवर त्या कुठून असणार? शिवाय तिथे वर्गणी थांबली की डाउनलोड केलेलेही गप्प होते. या टेपांना आमच्या पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा त्या लवकर संगणकावर उतरवा. उतरवताना फ्लॅकमध्येच उतरवा. फ्लॅकवरून एमपीथ्री केव्हाही करता येते. एमपीथ्री करताना गळलेले मात्र परत मिळत नाही.