घंटा वाजवणारे आणि थांबवणारे

2016 चा उन्हाळा लातूरकर विसरलेले नाहीत. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पावसाने हात दिला तेव्हा ती गाडीही थांबली. संकटात बंदोबस्त लावावा लागतो, तसा संकट टळल्यावर तो उठवावाही लागतो. आपल्या शरीरातल्या पेशींनाही हे दोन्ही जमावे लागते.

पेशीत डीएनएचा दुपदरी धागा असतो. ऊन, तंबाखू, क्ष-किरण आणि पेशीचे रोजचे कामकाज यांनी त्याला दररोज हजारो बारीक इजा होतात. बहुतेक गुपचूप दुरुस्त होतात. पण दोन्ही पदर एकाच जागी तुटले, की एटीएम नावाचे प्रथिन (बँकेतले नव्हे!) धोक्याची घंटा वाजवते. तुटल्या जागेभोवती ते फॉस्फेटच्या खुणा लावते, तिथे दुरुस्ती करणारी प्रथिने जमतात. पी-53 नावाचा पहारेकरी जागा होतो आणि पेशीचे विभाजन थांबवतो, म्हणजे तुटका धागा पुढच्या पेशींत जात नाही.

दुरुस्ती झाल्यावर घंटा कोण थांबवतो? त्याची तजवीज पी-53 नेच केलेली असते. त्याच्या हुकमावरून विप-1 आणि एमडीएम-2 ही प्रथिने तयार होतात. विप-1 खुणा पुसते, एमडीएम-2 पी-53 लाच मोडीत काढते. धागा तुटलेला असेपर्यंत एटीएम नव्या खुणा लावत राहते. धागा जुळला की नव्या खुणा थांबतात, जुन्या पुसल्या जातात आणि पेशी कामाला लागते.

यात वेळ चुकली की घात होतो. स्तनाच्या काही कर्करोगांत विप-1 प्रमाणाबाहेर असते. पहारेकरी आधीच झोपवला जातो. उलट, घंटा थांबलीच नाही तर पेशी कायमची विभाजन सोडते, म्हातारी होते आणि भोवती सूज वाढवणारी द्रव्ये सोडत राहते.

कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार देतात, ज्याला कुणी ‘शेक’ म्हणतात, कुणी ‘लाईट’. घरचे विचारतात, “रोज रोज खेटे कशाला? एकदाच जास्त का देत नाहीत?” किरणे धागा तोडतात, कर्करोगाचा आणि आसपासच्या निरोगी पेशींचाही. दुसऱ्या दिवसापर्यंत निरोगी पेशी बरीचशी दुरुस्ती उरकून घंटा थांबवतात. कर्करोगाच्या अनेक पेशींचा पहारा बिघडलेला असतो; त्या तुटका धागा घेऊनच विभाजनाला जातात आणि मरतात. थोडे थोडे देण्याचा फायदा हा.

म्हणून आमची विनंती आहे, घरातले लग्न किंवा प्रवास यासाठी मधल्या पाळ्या बुडवू नका. त्या सुट्टीत कर्करोगही सावरतो. रमजान जवळ आला असेल तर रोज्यांबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला. आजाऱ्याला सवलत आहेच. अम्मीला नांदेडहून किंवा लातूरहून रोज कोण नेणार, याच्या पाळ्या घरातल्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून घ्याव्यात.

आणि गुटखा, तंबाखू, बिडी उपचार चालू असताना तरी घरातून हद्दपार करा. एक घंटा थांबायच्या आत आपणच दुसरी वाजवू लागलो, तर बिचाऱ्या पेशीने दुरुस्ती करायची कधी?