ताटातून काय काढायचं आणि कुणाच्या?



गावोगावच्या गटांच्या बैठकांत हल्ली बायका सांगतात, "साखर निघाली, मटण बंद करायला सांगितलंय." मधुमेह हा शहरातल्या सुखवस्तू माणसांचा आजार, हा समज आता सोडायला हवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार ग्रामीण भागातही सुमारे ९ टक्के प्रौढांना मधुमेह आहे.

मांसाचा आणि मधुमेहाचा संबंध खोटा नाही. २० देशांतल्या सुमारे २० लाख लोकांचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. रोज १०० ग्रॅम लाल मांस खाण्यामागे मधुमेहाचा धोका सुमारे १० टक्क्यांनी, तर रोज ५० ग्रॅम सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस खाण्यामागे १५ टक्क्यांनी जास्त आढळला. ज्या घरात रोज मटण शिजतं, त्यांनी ते जरूर कमी करावं.

पण मजुरीवर चालणाऱ्या घरात मटण येतं ते बाजाराच्या दिवशी नाहीतर सणाला. तेही पुरुष, पाहुणे, मुलं जेवून उठल्यावर बाईच्या वाट्याला बहुतेक वेळा रस्साच उरतो. तिच्या पोटात रोज काय जातं? रेशनचा पांढरा भात, पोळी आणि साखरेचा चहा. त्याच परिषदेच्या २०२५ सालच्या अभ्यासानुसार भारतीय आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. त्यातलं थोडं कमी करून डाळी आणि दुधातली प्रथिनं वाढवली, तर मधुमेहाचा धोका कमी दिसतो. याबद्दल मात्र तिला कुणी विचारत नाही.

महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. अशा बाईच्या ताटातला आठवड्याचा एक तुकडाही काढून घेतला आणि त्याच्या जागी काहीच दिलं नाही, तर तिचं आरोग्य सुधारणार कसं? कुणाचं अन्न चांगलं नि कुणाचं हलकं, हे आपल्या समाजात जातीनं ठरवलेलं आहे. तोच सोवळेपणा वैद्यकीय सल्ल्याच्या आडून आत येत नाही ना, हेही आपण पाहिलं पाहिजे.

शासनाची जबाबदारी तर आहेच. शाळेतल्या पोषण आहारातल्या अंड्यांसाठीचा निधी राज्य सरकारनं जानेवारी २०२५ मध्ये थांबवला. प्रथिनं खा म्हणायचं आणि गरिबाच्या पोराचं अंडं काढून घ्यायचं, हे कसं चालेल? रेशनवर तांदूळ-गव्हासोबत डाळ आणि ज्वारी-नाचणी मिळालीच पाहिजे.

तिशीनंतर प्रत्येकीची साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासली जावी, गरोदरपणीही तपासणी व्हावी, हे सरकारच्याच कार्यक्रमात आहे. आपल्या गावात ती होते का, आशाताईंना आणि उपकेंद्रात विचारा. आणि पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं काल दिवसभरात काय नि किती खाल्लं, घरात शेवटी कोण जेवलं, ते लिहून काढा. मटणाची चर्चा त्यानंतर करू.